पेसमेकर लागला, कारण शोधायचे राहिले: हृदयातल्या सारकॉइडोसिसचे एक प्रकरण

पुढची रुग्ण ही कोणी एक ठरावीक व्यक्ती नाही. या आजारात आपल्याकडे गोष्टी ज्या क्रमाने घडतात आणि बिघडतात, तो क्रम दिसावा म्हणून हे प्रकरण जुळवले आहे. तपासण्यांचे आकडे आणि औषधांचे डोस मात्र वॉर्डात दिसतात आणि दिले जातात तसेच आहेत.

नाडी ३८

सातारा जिल्ह्यातल्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षिका. वय ४३, वजन ५८ किलो. मधुमेह नाही, रक्तदाब नाही, रोजची कुठलीही गोळी नाही. दोन महिने जिना चढताना दम लागत होता. मग एके सकाळी फळ्यासमोर उभ्या असतानाच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्या कोसळल्या. दवाखान्यात नाडी मिनिटाला ३८, रक्तदाब १५६/६०. ठोके इतके कमी असले की प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त फेकले जाते, म्हणून वरचा आकडा चढतो. अशा वेळी रक्तदाबाची गोळी सुरू करण्याची चूक होते. इथे ती झाली नाही.

ईसीजीत वरच्या कप्प्यांचे ठोके ९० आणि खालच्यांचे ३८, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. म्हणजे संपूर्ण हार्ट ब्लॉक. पोटॅशियम ४.३, थायरॉइड ठीक, अँजिओग्राफीत धमन्या स्वच्छ, टूडी इकोत इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला डावा खालचा कप्पा आतले किती टक्के रक्त फेकतो तो आकडा) ५५ टक्के. त्याच रात्री तात्पुरता पेसमेकर बसला, तिसऱ्या दिवशी दोन तारांचा कायमचा, पाचव्या दिवशी त्या घरी गेल्या. डिस्चार्ज कार्डावर निदान लिहिले होते, ‘संपूर्ण हार्ट ब्लॉक’. कारणाची ओळ कोरी होती.

त्या कोऱ्या ओळीचे उत्तर खरे तर फाईलमध्येच होते. चौदा महिन्यांपूर्वीच्या आरोग्य तपासणीतल्या ईसीजीत राइट बंडल ब्लॉक (विजेच्या उजव्या फांदीत अडथळा) होता आणि पीआर अंतर, म्हणजे वीज वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत पोचायला लागणारा वेळ, लांबून २४० मिलिसेकंद झाले होते. इकोच्या मोजमापांत हृदयाच्या मधल्या पडद्याचा वरचा भाग ५ मिलिमीटर आणि त्याखालचा ९ मिलिमीटर नोंदवला होता, पण तो फरक निष्कर्षात उतरला नाही. छातीच्या एक्स-रेत फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सावली जाड होती. तिन्ही कागद तीन वेगवेगळ्या माणसांनी वाचले आणि एकत्र कोणीच वाचले नाहीत.

सारकॉइडोसिसमध्ये पांढऱ्या पेशी एकत्र येऊन सूक्ष्म गाठी तयार करतात. त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. फुप्फुसे आणि छातीतल्या लसिका गाठी ही त्यांची नेहमीची जागा. हृदयात शिरल्या की त्यांना मधल्या पडद्याचा वरचा भाग विशेष भावतो, आणि वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे जाणारी विजेची मुख्य तारही तिथूनच जाते. आधी सूज येते, तार मंदावते, ईसीजीत पीआर लांबतो. पुढे सुजेची जागा व्रण घेतो, पडदा पातळ पडतो आणि तार तुटते. चौदा महिन्यांपूर्वीचा ईसीजी ही या वाटेवरची पहिली खूण होती.

सारकॉइडोसिसच्या साधारण ५ टक्के रुग्णांत हृदयाची लक्षणे दिसतात. शवविच्छेदनात मात्र जवळपास चौथ्या हिश्श्याच्या हृदयांत या गाठी सापडल्या आहेत. म्हणजे बहुतेकांचे हृदय गप्प असते. दुसऱ्या टोकाकडून पाहिले तर चित्र जास्त बोलके आहे. फिनलंडमध्ये १८ ते ५५ वयाच्या, हार्ट ब्लॉकचे कारण न सापडलेल्या ७२ रुग्णांचा कसून शोध घेतला, तेव्हा १८ जणांत सारकॉइडोसिस किंवा त्याचा जास्त आक्रमक भाऊबंद जायंट सेल मायोकार्डायटिस निघाला. कॅनडात ६० वर्षांखालच्या अशाच ३२ जणांत ११ निघाले. म्हातारपणी तार झिजते हे खरे, पण त्रेचाळिसाव्या वर्षी ती आपोआप झिजत नाही. साठीच्या आत हार्ट ब्लॉक झाला आणि कारण दिसत नसेल, तर कायमचे यंत्र बसवण्याआधी छातीचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याला पाच-दहा मिनिटे लागतात.

एमआरआयचा क्रमही इथेच चुकतो. रुग्ण तात्पुरत्या तारेशिवाय तग धरून असेल, तर एमआरआय पेसमेकरच्या आधी करावा. गॅडोलिनियम हे कॉन्ट्रास्ट द्रव्य दिल्यावर व्रणाची जागा पांढरी चमकते, आणि सारकॉइडमध्ये ती पडद्याच्या वरच्या भागात, स्नायूच्या मधल्या किंवा बाहेरच्या थरात असते. हार्ट अटॅकचा व्रण आतल्या थरापासून सुरू होतो, त्यामुळे दोन्ही ओळखता येतात. यंत्र बसल्यावर, ते एमआरआयला चालणारे असले तरी, डब्याच्या धातूमुळे चित्राचा मोठा भाग बिघडतो. रुग्ण तात्पुरत्या तारेवरच अवलंबून असेल तर मात्र एमआरआयचा हट्ट धरू नये. पेट स्कॅनला, म्हणजे किरणोत्सारी साखर टोचून काढलेल्या चित्राला, तारेची अडचण नसते.

आणि सारकॉइड ठरला असता तर यंत्रही वेगळे लागले असते. अमेरिकेतल्या हार्ट ऱ्हिदम सोसायटीच्या २०१४ च्या तज्ज्ञ-मतानुसार, हृदयाच्या सारकॉइडमध्ये पेसमेकरची गरज पडली की इजेक्शन फ्रॅक्शन कितीही असो, शॉक देऊ शकणारे आयसीडी बसवणे योग्य मानावे. कारण ज्या गाठी तार तोडतात, त्याच गाठी जीवघेणी धडधडही सुरू करतात.

गाठ, ग्रॅन्युलोमा आणि एकेटी

पाच महिन्यांनी कोरडा खोकला आणि संध्याकाळचा थकवा सुरू झाला. आता सीटी झाला. फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना सारख्याच वाढलेल्या लसिका गाठी, श्वासनलिकेच्या उजवीकडे आणखी एक, सर्वांत मोठी २२ मिलिमीटर. सुईने काढलेल्या नमुन्यात ग्रॅन्युलोमा दिसले. नेक्रोसिस (पेशी मरून झालेला लगदा) नाही, टीबीचे जंतू दिसले नाहीत. अहवालाच्या शेवटी ओळ होती, ‘कॉक्सची शक्यता विचारात घ्यावी’, म्हणजे टीबीची. दुसऱ्या दिवशी एकेटी, म्हणजे टीबीची औषधे, सुरू झाली. वजनाच्या गटाप्रमाणे रोज चार गोळ्या, टीबी रुग्णांच्या सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद, आणि घरात वेगळे ताट-वाटी.

आपल्याकडे ग्रॅन्युलोमा दिसला की टीबी आठवतो आणि तो आठवायलाच हवा. टीबीचे ओझे या देशात फार मोठे आहे. हृदयातही टीबीचे ग्रॅन्युलोमा होतात. २०११ मध्ये हैदराबादच्या हृदयतज्ज्ञांनी कारण न सापडलेली वेगवान धडधड आणि छातीत वाढलेल्या गाठी असलेल्या रुग्णांची मालिका प्रसिद्ध केली. त्यांच्या हृदयाची ताकद चांगली होती, गाठींत ग्रॅन्युलोमा होते, आणि विचार टीबी व सारकॉइड दोन्हींचा करावा लागला. त्यामुळे अमेरिकी पुस्तकाप्रमाणे थेट स्टेरॉइड सुरू करणे आपल्याकडे धोक्याचे आहे. चूक टीबीची शंका घेण्यात नव्हती, ती शंका तपासली नाही यात होती. संपूर्ण नमुना फॉर्मेलिनमध्ये गेला होता. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचे करणार? नमुना काढतानाच वेगळा भाग सलाइनमध्ये ठेवून जीन-एक्सपर्ट (टीबीच्या जंतूंचे जनुक शोधणारी तपासणी) आणि एमजीआयटी कल्चरला (जंतू वाढवून पाहायला) पाठवायचा असतो. पहिली गोळी पोटात गेल्यावर ही संधी पूर्ण हातची जाते, कारण औषध सुरू झाल्यावर नकारात्मक आलेल्या कल्चरचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो.

दुसरा एक घोटाळा वारंवार दिसतो, तो या प्रकरणात घडला नाही पण सांगायला हवा. ‘दोन्हींना झाकू’ म्हणून एकेटी आणि स्टेरॉइड एकदमच दिले जातात. रुग्ण सुधारतो, श्रेय एकेटीला मिळते. सहा-आठ आठवड्यांनी स्टेरॉइड बंद होते आणि सारकॉइड परत उसळतो. शिवाय रिफॅम्पिसिन यकृतातली विकरे वाढवते आणि प्रेडनिसोलोनचा परिणाम निम्म्यावर किंवा त्याखाली आणते. कागदावर ३० मिलिग्रॅम, अंगाला लागतात जेमतेम पंधरा. मग ‘स्टेरॉइडलाही दाद दिली नाही’ असा शेरा पडतो.

धडधड १९०

एकेटीचा पाचवा महिना. स्वयंपाक करताना अचानक धडधड, घाम, डोळ्यांपुढे अंधारी. आपत्कालीन कक्षात ठोके १९०, ईसीजीतली क्यूआरएस लाट रुंद, रक्तदाब ८०. व्हेंट्रिक्युलर टॅकीकार्डिया, म्हणजे खालच्या कप्प्यातून उठणारी वेगवान धडधड. भूल देऊन १०० ज्यूलचा सिंक्रोनाइझ्ड शॉक दिला आणि लय परत आली. पेसमेकर वाचल्यावर कळले की आधीच्या सात आठवड्यांत असे तीन छोटे झटके येऊन आपोआप थांबले होते. मधे एकदा यंत्राची तपासणी झाली होती, पण ती फक्त बॅटरी पाहण्यापुरती. उजव्या खालच्या कप्प्यातून पेसिंग ९८ टक्के. इजेक्शन फ्रॅक्शन ४०.

आता तीन गोष्टी एका माणसात होत्या. लहान वयातला हार्ट ब्लॉक, खालच्या कप्प्यातून उठणारी धडधड आणि छातीत दोन्ही बाजूंना गाठी. हृदयाचा सारकॉइड असाच बोलतो. पेट स्कॅन ठरला.

उपाशी राहा, उपवास नको

पहिला पेट स्कॅन वाया गेला. डावा कप्पा सगळीकडून सारखाच पेटलेला दिसत होता, म्हणजे रोगाबद्दल काहीच कळत नव्हते. चौकशी केल्यावर उलगडा झाला. ‘आदल्या दिवसापासून उपास करा’ असे सांगितले होते आणि बाईंनी मनोभावे उपवास केला होता. दुपारी साबुदाण्याची खिचडी, रात्री भगर, राजगिऱ्याचा लाडू आणि एक केळे. त्यात पहाटे वॉर्डात डेक्स्ट्रोजची बाटली लागली.

पेटमध्ये टोचतात ती किरणोत्सारी फ्लोरीन चिकटवलेली साखर असते. ग्रॅन्युलोमातल्या पेशी साखर नेहमीच ओढतात. निरोगी हृदय मात्र परिस्थिती पाहून इंधन निवडते. इन्शुलिन वाढले की साखर, उपाशीपोटी चरबी. हृदयाला पूर्णपणे चरबीवर ढकलले, तरच फक्त रोगाची जागा उजळते. आदल्या दिवशी दोन जेवणे अशी हवीत की प्रत्येकात ३५ ग्रॅमहून जास्त स्निग्ध पदार्थ असतील आणि कर्बोदके ३ ग्रॅमच्या आत. त्यानंतर निदान १२ तास फक्त पाणी.

घरच्या भाषेत याचा अर्थ असा. अंडी तुपात परतून, चिकन किंवा मासे भरपूर तेलात तळून. पीठ, रवा, बेसन लावायचे नाही. कांदा-खोबऱ्याचे वाटण नको, टोमॅटो नको. भात, पोळी, भाकरी, डाळ, उसळ, दूध, दही, फळे, शेंगदाणे बंद. चहा कोरा आणि बिनसाखरेचा. शाकाहारी माणसासाठी थोडे पनीर तुपावर परतून देता येते, पण त्यातही थोडी साखर असते. त्यामुळे पनीर मोजकेच द्यावे आणि नंतरचा उपाशी काळ १८ तासांपर्यंत वाढवावा. खोकल्याचे गोड औषध, च्यवनप्राश, चघळायच्या गोळ्या, बडीशेपेवरची साखर, सगळे बाद. आदल्या दिवशी व्यायामही नको. खाल्लेला प्रत्येक घास कागदावर लिहून आणायला सांगावे, आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरांत ‘डेक्स्ट्रोज देऊ नये’ असे लिहावे. ‘उपास’ हा शब्द मात्र तोंडातून काढूच नये. मराठी घरात उपवासाला जे जे चालते, ते जवळपास सगळे या तपासणीला मारक आहे.

चार दिवसांनी दुसरा स्कॅन झाला. मधल्या पडद्याचा वरचा भाग, डाव्या कप्प्याची बाहेरची भिंत आणि उजव्या कप्प्याची भिंत तुकड्यातुकड्यांनी उजळली. छातीतल्या गाठीही उजळल्या. त्यासोबत रक्तपुरवठ्याचा स्कॅनही केला. अमोनियाचे द्रव्य दहा मिनिटांत निम्मे होते, म्हणून ते सायक्लोट्रॉन जवळ असेल तिथेच मिळते. इतरत्र सेस्टामिबी या दुसऱ्या द्रव्यावर भागवतात. पडद्यावर रक्तपुरवठा कमी आणि साखर जास्त, अशी विसंगत जोडी दिसली. तिथे व्रण आणि जिवंत सूज शेजारी शेजारी होती. बाहेरच्या भिंतीवर नुसती सूज होती, म्हणजे तिथे वाचवण्यासारखे बरेच होते.

तुकडा कुठून घ्यायचा

हृदयातून तुकडा घेणे सरळ वाटते, पण रोग ठिपक्याठिपक्यांनी पसरलेला असतो. नेहमीच्या पद्धतीने घेतलेल्या तुकड्यांत चारांतल्या एकालाच ग्रॅन्युलोमा सापडतो. पेटने उजळलेल्या गाठी दाखवल्या असतील तर आधी तिकडेच जावे. इथे ईबस केले, म्हणजे दुर्बिणीच्या टोकावरच्या सोनोग्राफीने पाहत श्वासनलिकेच्या भिंतीतून गाठीत सुई. दोन गाठींतून प्रत्येकी चार वेळा. निम्मा नमुना फॉर्मेलिनमध्ये, निम्मा सलाइनमध्ये.

घट्ट बांधलेले, नेक्रोसिस नसलेले ग्रॅन्युलोमा. जीन-एक्सपर्ट नकारात्मक. टीबीची त्वचेवरची चाचणी मॅन्टू शून्य मिलिमीटर, रक्तावरची चाचणी इग्रा नकारात्मक. सारकॉइडमध्ये मॅन्टू अनेकदा असाच सपाट असतो, पण त्या एका आकड्यावर काही ठरवू नये. सारकॉइडमध्ये रक्तात मोजतात ते एसीई हे विकर ४८, म्हणजे नॉर्मल. एसीई नॉर्मल आहे म्हणून सारकॉइड नाही, असे लिहिलेले अहवाल दिसतात. ते चूक आहे.

पाच महिन्यांच्या एकेटीने जंतू मारले असतील आणि म्हणून आता सापडत नसतील, ही शंका उरतेच. ती पुसण्यासाठी एकच अहवाल पुरत नाही, सगळी साखळी पाहावी लागते. पूर्ण डोस नियमित घेऊनही रोग हृदयात पुढे सरकला होता. गाठी दोन्ही बाजूंना सारख्या होत्या, नेक्रोसिस दोन्ही वेळा नव्हता. ताप नव्हता, वजन घटले नव्हते. औषधाला न जुमानणारा टीबी ही शेवटची पळवाट, पण तिच्या बाजूने एकही पुरावा नव्हता. छातीचे, हृदयाचे आणि पॅथॉलॉजीचे डॉक्टर एका टेबलावर बसले आणि एकेटी थांबवली. निक्षयवरची नोंद बदलली. कल्चरचे ४२ दिवस थांबायला मात्र वेळ नव्हता, कारण धडधड पुन्हा येऊ शकत होती. ते कल्चर नंतर नकारात्मकच आले.

घरच्यांना त्या दिवशी सांगितलेली सर्वांत मोलाची गोष्ट औषधाची नव्हती. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे ऐकून वेगळे ठेवलेले ताट मांडणीत परत गेले.

यंत्र आधी, स्टेरॉइड नंतर

पेसिंग ९८ टक्के आणि पंप ४० वर, त्यामुळे साधे आयसीडी पुरले नसते. डाव्या कप्प्यालाही तार देणारे सीआरटी-डी बसवले. जुना खिसा उघडून तारा वाढवायच्या म्हणजे जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त. पहिल्याच वेळी योग्य यंत्र बसले असते तर हा धोका घ्यावा लागला नसता. जखम स्टेरॉइडआधी भरू लागावी म्हणून दहा दिवस मेटोप्रोलॉल आणि अमिओडॅरोनवर काढले. रिफॅम्पिसिनचा यकृतावरचा परिणाम ओसरायलाही साधारण दोन आठवडे लागतात. तो काळही यात बराचसा निघून गेला.

मग प्रेडनिसोलोन, किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, म्हणजे ३० मिलिग्रॅम रोज सकाळी नाश्त्यानंतर. सुरू करण्याआधी रक्तशर्करा, हिपॅटायटिस बी आणि सी, यकृताच्या तपासण्या आणि स्लिट लॅम्पखाली डोळे. सारकॉइड डोळ्यांत गाजावाजा न करता बसतो. सकाळच्या स्टेरॉइडने साखर दुपारी आणि संध्याकाळी वाढते, उपाशीपोटीची कित्येकदा छान येते. म्हणून जेवणानंतरची साखर पाहावी.

तिसऱ्या आठवड्यात प्रतिकारशक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा १० मिलिग्रॅम, पुढे १५. पुडीवर ‘फक्त रविवार’ असे लिहून दिले आणि फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम बुधवारी. मेथोट्रेक्सेट रोज घेतल्याने माणसे दगावली आहेत. ही चूक चिठ्ठी, दुकान आणि घर या तिन्ही ठिकाणी होऊ शकते, म्हणून ती तिन्ही ठिकाणी अडवावी. गर्भधारणा होणार नाही याची व्यवस्था आधी विचारली. तोंडात फोड, ताप किंवा खोकला वाढला तर रविवारची गोळी थांबवून फोन करायचा. जास्त डोसच्या स्टेरॉइडसोबत न्यूमोनिया टाळायला कोट्रायमोक्साझोल हे प्रतिजैविक देण्याची पद्धत आहे. मेथोट्रेक्सेट चालू असताना ते दिले तर अस्थिमज्जा दबते. दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर ही जोडी सहज जमते.

आणखी एक सवय इथे महागात पडते. स्टेरॉइड लिहिले की सोबत ६०,००० युनिट व्हिटॅमिन डीची आठवड्याची पुडी आपोआप लिहिली जाते. सारकॉइडच्या गाठी स्वतःच डीचे क्रियाशील रूप तयार करतात. वरून पुडी पडली की रक्तातले कॅल्शियम चढते आणि मूत्रपिंडाला इजा होते. आधी कॅल्शियम आणि डीची दोन्ही रूपे मोजावीत, मगच ठरवावे.

दुसऱ्या महिन्यात यंत्राने एक टॅकीकार्डिया वेगवान पेसिंग करून शॉकशिवाय थांबवला. त्यानंतर एकही नोंद नाही. तीन महिन्यांनी पेट स्कॅन झाला, या वेळी आहाराची वही नीट भरलेली होती. बाहेरची भिंत विझली होती, पडद्यावर थोडी धग उरली होती. मग दर चार आठवड्यांनी ५ मिलिग्रॅम कमी करत स्टेरॉइड १० वर आणले. नवव्या महिन्याच्या स्कॅनमध्ये हृदय शांत, इजेक्शन फ्रॅक्शन ४८. स्टेरॉइड मिळालेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांत हार्ट ब्लॉक काही प्रमाणात सुटतो, पण यांचा सुटला नाही. तार जिथून जायची तिथे आता व्रण आहे. सुटला असता तरी यंत्र काढायचे नसते.

आता ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन आणि रविवारची गोळी चालू आहे. गोळ्या कमी करताना किंवा बंद केल्यावर रोग परत येऊ शकतो, म्हणून प्रत्येक मोठ्या बदलानंतर तीन ते सहा महिन्यांनी पेट. दर तीन महिन्यांनी यंत्र वाचायचे, आणि वाचताना बॅटरीइतकेच लक्ष साठवलेल्या धडधडीच्या नोंदींवर द्यायचे. स्टेरॉइड अचानक बंद करायचे नाही. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तर त्याच दिवशी इंजेक्शनसाठी यायचे. यंत्राचा एक शॉक बसला आणि नंतर बरे वाटत असेल, तर त्याच दिवशी फोन करून तपासणी. चोवीस तासांत दोन किंवा जास्त शॉक बसले, किंवा एका शॉकनंतरही चक्कर, दम, छातीत दुखणे राहिले, तर वाट न पाहता १०८. हे सगळे मराठीत एका कार्डावर लिहून त्यांच्या पर्समध्ये आहे, आणि दुसरी प्रत शाळेत मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात.